सुमनमावशींची टकटक

कॉलेज रेडिओवाल्यांनो, आज तुम्ही सगळे हवे होतात.

परळला आपल्या कॉलेजात गेले होते. आताची मुलं रेडिओचा इतिहास रेकॉर्ड करतायत, म्हणून जुन्या लोकांना बोलावलं होतं. स्टुडिओ आता वरच्या मजल्यावर आहे, एसीवाला, बाहेरचा आवाज अजिबात येत नाही.

आपला आठवतो ना? कॅन्टीनला लागून असलेली सामानाची खोली, एक माइक, आणि भिंतीपलीकडे सतत चटणीचा मिक्सर. बोलायच्या आधी आपण भिंतीवर दोनदा टकटक करायचो, की कॅन्टीनच्या सुमनमावशी मिक्सर थांबवायच्या. डोसेवाले ताटकळायचे, पण आपलं बोलणं होईपर्यंत चटणी नाही म्हणजे नाही.

आज मावशीही आल्या होत्या, लालबागहून, नातीचा हात धरून. मी टकटकीचा किस्सा सांगितला, तर मुलांना फार गंमत वाटली. एका मुलीने माइक मावशींपुढे सरकवला. "आता तुम्ही बोला ना मावशी."

"मी काय बोलू गं? यांच्या रेडिओत माझं काम एकच होतं, आवाज बंद करायचा."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

नात हळूच म्हणाली, "आजी, बोल ना." पलीकडे दोन मुलं अजून हसत कुजबुजत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

मावशींनी पदर सारखा केला आणि टेबलावर दोनदा टकटक केली.

आम्ही सगळे गप्प झालो.