कोरं बोट

स्मृति नगरातल्या प्रेमलाबाईंकडे स्वयंपाक करणारी हिरा कॅम्प-वन वस्तीत राहते. मतदानाच्या दिवशी तिनं सकाळीच सांगितलं, "बाई, मले आज मत टाकाले जायचं हाय."

"जाजो, पण आधी पुऱ्या तळ. पाहुणे येऊन राहिले."

पाहुणे मत देऊनच आले होते. आता देश बदलणार म्हणून तावातावानं बोलत, गरम पुऱ्या मागत राहिले. एक पंगत उठली की दुसरी बसे. घड्याळाकडे बघत हिरा तळत होती. सुटली तशी धावली, पण शाळेचं फाटक बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाई शाईचं बोट नाचवत चिडल्या, "तुझं बोट कोरं कावून? तुम्हीच मत नाही टाकलं तर देश कसा बदलन?"

हिरानं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"कोरं कुठं हाय, बाई? तुमच्या पुऱ्या तळता तळता पोळलं."