नाटकाला गिट बसवलं

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि नाटककार दोन. बोरगावात आमच्या कॉलनीच्या कोजागिरीला दरवर्षी एकांकिका होते. ती आम्ही नवरा-बायको मिळून लिहितो. म्हणजे मी लिहिते आणि आमचे हे सुधारतात. हे वर्ध्याला सरकारी कचेरीत आहेत. हाती आलेल्या कागदातलं काहीतरी कमी केल्याशिवाय तो मार्गी लागला असं त्यांना वाटतच नाही.

यंदाच्या नाटकात एका प्रवेशात माझा जीव अडकला होता. नागपूरहून एक दिग्दर्शक घरी येतो आणि बाईला नाटकात काम देऊ करतो. बाई आत चहा टाकत असते. नवरा बाहेरच्या बाहेर सांगून टाकतो, "तिले नाई जमणार." पाहुणा जातो. बाई ट्रे घेऊन बाहेर येते आणि विचारते, "मले विचारलं का?" बस, एवढंच.

हा प्रवेश 'नाटक अंतिम' या फाईलमधून नाहीसा झाला. मी तो पुन्हा लिहिला आणि 'नाटक अंतिम खरं' अशी नवी फाईल केली. तिच्यातूनही गेला. विचारलं तर हे शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटर जुना झाला व."

पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत असलेल्या लेकीला मी फोनवर हे गाऱ्हाणं ऐकवलं, अगदी साभिनय. ती म्हणाली, "आई, गिट नावाचं सॉफ्टवेअर टाक. कोणी बदललं, कधी बदललं, काऊन बदललं, सगळं राह्यते त्यात. कापलेलं परत बी आणता येते. फक्त नाटक साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवजो."

रविवारी दुपारी मुहूर्त केला. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखे त्या गिटने एकामागून एक प्रश्न विचारले. एकही कळला नाही. मी सुशील मुलीसारखी मान डोलवत 'पुढे, पुढे' दाबत गेले. मग एक काळी खिडकी उघडली. लेक फोनवरून एकेक अक्षर सांगत होती, मी एका बोटाने टिपत होते. आधी तुम्ही कोण ते सांगा, नाव आणि ईमेल द्या. मी पडद्यामागून घोषणा करावी तशा थाटात माझं पूर्ण नाव घातलं.

"बाबा लिहायले बसले का त्यांचं नाव टाकायचं," लेक म्हणाली. "नाई तर त्यांचं काम तुझ्या नावावर चढेल."

पेपरामागून हे "हो हो" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी बदलांचा इतिहास उघडला. सगळ्यात वर ताजी नोंद होती: प्रवेश कमी केला. करणारी कोण? मी!

"अहो, ऐकलं का?" मी खुर्चीवरून उठून जाहीर केलं. "मी माह्याच हातानं माहाच प्रवेश कापला!"

हे लसूण सोलत होते. "नाव बदलायचं राह्यलं."

"राह्यलं का ठेवलं?"

"अवं, कचेरीत साहेब दौऱ्यावर असले का आम्ही 'करिता' लिहून सही मारतो. काम साहेबाचंच असते. तसंच हे. तुह्याचकरता केलं."

"साहेब कुठी गेलता दौऱ्यावर? साहेब तं स्वयंपाकघरात होता!"

मी हसत सुटले, आणि हसता हसता थांबले. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी नागपूरहून खरंच एक दिग्दर्शक आमच्याकडे आले होते. ह्यांनी त्यांना असंच माझ्याकरिता उत्तर दिलं होतं. इतकी वर्षं मी समजत आले की ह्यांना माझं नाटक आवडत नाही. तसं नव्हतंच. साहेबाला कशाला त्रास, आपणच उरकून टाकावं, इतका साधा हिशेब होता तो. दुष्टपणा असता तर भांडता तरी आलं असतं.

"काऊन कापला?" मी विचारलं.

"लांबला होता."

"चार ओळी?"

ह्यांनी लसणाची एक पाकळी गरजेपेक्षा फार वेळ सोलली. "कॉलनीत सारे वळखतील. अन् नवऱ्याचं काम मलेच करायचं आहे. तू विचारशील, अन् माह्यापाशी उत्तर नाई. स्टेजवर गप उभं राह्यनं लय अवघड असते."

"घरात तं मस्त जमते तुम्हाले."

प्रवेश परत आणायला त्या काळ्या खिडकीत एक ओळ पुरली असती. लेकीने ती शिकवली होती आणि माझी बोटं शिवशिवत होती. पण मी आणलेला प्रवेश माझाच राहिला असता, आणि हे त्यात पाहुण्यासारखे उभे राहिले असते. मी खुर्ची मागे सरकवली.

"बसा. ठेवायचा का नाई, तुम्ही ठरवा."

बोलले खरी. आम्हा नाटकवाल्यांना ऐटीत उदार होता येतं, पण नंतर विंगेत जाऊन थरथरावं लागतं. मी आत गेले आणि कारण नसताना दोन पातेली घासली. बाहेरून आवाज आला, "नाव कसं बदलतात?" मी आतूनच सांगितलं. मग एका बोटाची टकटक सुरू झाली.

बाहेर आले तेव्हा प्रवेश जागेवर होता, ह्यांच्या नावावर. बाईच्या प्रश्नाखाली ह्यांनी एक ओळ वाढवली होती: नवरा गप्प राहतो.

"किती वेळ?" मी विचारलं.

"तालमीत पाहू."

पहिल्या तालमीत हे घाबरून मध्येच "हो हो" बोलले आणि सगळे खो खो हसले. दुसऱ्या वेळी मी प्रश्न विचारला, आणि हे माझ्याकडे पाहत उभे राहिले. पापणी हलेना. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "काका, डायलॉग विसरले का?"

मी मान न वळवता म्हटलं, "गप राहा रे. हे काम करून राह्यले."