सरपंचबाईंवरचा परिच्छेद

राज्यात सरकार बदललं त्या सुमाराला मी बहरीनमध्ये, अदलियातल्या एका फर्निचरच्या कंपनीत टायपिस्ट होतो आणि दर आठवड्याला एक वर्तमानपत्र काढत होतो. वर्तमानपत्र म्हणजे दोन पानं, माझ्याच हाताने लिहिलेली. गुरुवारी साहेब जेवायला गेले की ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर पंचवीस प्रती काढायच्या आणि शुक्रवारी दुपारी वाटायच्या. अंकाला नाव नव्हतं. नाव दिलं तर परवाना मागतील, असं चाचांचं म्हणणं होतं.

चाचा रायगडकडचे. बाब अल बहरीन या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, वेशीआतल्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. जुम्म्याची नमाज आटोपली की ते दुकानावरची खोली उघडायचे, आणि आम्ही रत्नागिरी-रायगडकडची दहा-पंधरा माणसं तिथे जमायचो. कापडाच्या ठाणांना पाठ लावून बसायचं, चहा प्यायचा आणि अंक मोठ्याने वाचायचा. वाचायचो मीच. आपण लिहिलेल्या वाक्याला लोक हसतात हे ऐकायची मला चटक लागली होती.

पहिलं पान राज्याच्या राजकारणाचं. विमानाने येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून आठवड्याभराची मराठी वर्तमानपत्रं यायची, ती वाचून मी भाष्य लिहायचो. कोण कुठल्या गटात गेला, कुणाला खातं मिळालं, कुणाचं तोंड वाकडं झालं. बहरीनमध्येही तेव्हा गडबड चालू होती, पण त्यावर मी कधी एक अक्षर लिहिलं नाही. व्हिसा रद्द होऊन परत जायची हौस कुणाला होती? माझं सगळं धाडस समुद्रापलीकडच्या माणसांसाठी राखून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या पानावर वर गावाकडच्या बातम्या आणि खाली खेळ. क्रिकेटचं सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं, म्हणून मी बेसबॉल सुरू केला. आणि बेसबॉल मला मिळाला तो मेस्त्रींमुळे.

मेस्त्री आमच्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. पंचेचाळिशीचे, उंच, बोलायला कमी. माझ्या आजोळच्या गावचे. त्या गावाच्या लेकीचा मुलगा म्हणून मला ते भाचे म्हणायचे, आणि माझ्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठे असूनही अहो-जाहो करायचे. आमचा मॅनेजर अमेरिकन होता. त्याची बॅट फुटली तेव्हा तो ती घेऊन मेस्त्रींकडे आला. मेस्त्रींनी लेथवर नवी उतरवून दिली. पहिली दोन दिवसांत फुटली, दुसरी टिकली. तेव्हापासून शुक्रवारी सकाळी मॅनेजर त्यांना गाडीत घालून सामन्याला न्यायचा. सगळे अमेरिकन मुरमाच्या मैदानावर खेळायचे आणि मेस्त्री कडेला खुर्चीवर बसून बघायचे. दुपारी चाचांच्या खोलीवर येऊन ते मला सगळं सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो.

“आणि भाचे, बेस चोरतात बरं का,” एकदा ते म्हणाले.

“चोरतात म्हणजे?”

“पहिल्या बेसवर उभा असलेला गडी. फेकणाऱ्याने बॉल फेकायला हात मागे नेला रे नेला, की हा दुसऱ्याकडे पळत सुटतो. बॉलला बॅट लागायची वाट नाय बघत. पोचला तर बेस त्याचा.”

“आणि ते चालतं?”

“चालतं म्हणजे? टाळ्या वाजवतात.”

त्याच वर्षी गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि मेस्त्रींच्या मंडळी सरपंच झाल्या. बाई सातवी शिकलेल्या. नवरा परदेशात, दोन मुलं शाळेत, आणि घरची भातशेती स्वतः बघणाऱ्या. बातमी आली त्या शुक्रवारी मेस्त्रींनी सूकमधून हलव्याचा डबा आणला होता. प्रत्येकाच्या हातावर स्वतः हलवा ठेवत होते. मला म्हणाले, “अंकात घाला हो भाचे. दोन ओळी घाला.”

मी दोन ओळी घातल्या.

आता मामाचं सांगायला हवं. माझा सख्खा मामा त्याच गावात, वरच्या वाडीला राहायचा. आरक्षण येण्याआधी सरपंचपद त्याच्याकडे होतं. मामी उभी राहिली होती, ती बाईंकडून पडली. हे मला पत्रातून कळलं होतं. गावाकडच्या बऱ्याचशा बातम्या मला मामाच्याच पत्रांतून मिळायच्या. त्याचं अक्षर सुरेख होतं आणि लिहायचाही मजेदार.

वर्षभराने त्याचं एक लांबलचक पत्र आलं. नळपाणी योजनेचा पाइप सरपंचबाईंनी नेमका स्वतःच्या दारापर्यंत आणून थांबवला आहे, वरच्या वाडीच्या बायका अजून विहिरीवरून कळशा वाहतात आणि हिच्या अंगणात नळ धो धो वाहतो आहे, असं त्याने लिहिलं होतं. मी ते बुधवारी वाचलं. गुरुवारी अंक लिहायचा होता आणि दुसऱ्या पानाला मजकूर कमी पडत होता.

मेस्त्री माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर, वर्कशॉपमध्ये होते. लिहीत असताना त्यांच्या रंध्याचा आवाज मला ऐकू येत होता. उठून जाऊन विचारलं असतं तर दहा मिनिटं गेली असती. मी उठलो नाही. मला सुचलेलं वाक्य इतकं आवडलं होतं की ते खोडावं लागेल या भीतीने उठलो नाही, हे आज मला कबूल करायला हवं.

मी लिहिलं ते असं होतं: “आमच्या ओळखीच्या एका सरपंचबाई बेसबॉल न पाहताच बेस चोरायला शिकल्या आहेत. सगळं गाव मंत्रालयातली उलथापालथ बघण्यात दंग असताना त्यांनी नळ पळवला आणि थेट आपल्या अंगणात नेऊन उभा केला. यजमान परदेशात बॅटी घडवतात, बाई गावात धावा काढतात.”

शुक्रवारी मी ते वाचलं. मेस्त्री समोर बसले आहेत हे मला माहीत होतं. त्यांनीही हसून घ्यावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. खोली हसली. कुणीतरी मेस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. मेस्त्रींनी कप खाली ठेवला आणि सगळं शांत होईपर्यंत थांबले.

“भाचे, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,” ते म्हणाले. “पाइप वरच्या वाडीलाच जायचा आहे. मधे तुमच्या मामाची आंब्याच्या कलमांची बाग आहे. बागेतून चर खणायला ते देत नाहीत. म्हणून काम आमच्या दाराशी अडून राहिलंय. चार महिने झाले.”

मेस्त्रींनी चप्पल घातली आणि जिना उतरून गेले.

चाचांनी मला थांबवून घेतलं. “पुढच्या अंकात खुलासा टाक,” ते म्हणाले. “पहिल्याच पानावर. मोठ्या अक्षरात.”

“टाकतो चाचा.”

“टाकतो नको. इथंच बसून लिही.”

मी नंतर लिहितो म्हणालो. त्या आठवड्यात लिहिला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मामा खोटं लिहितो, हे पंचवीस माणसांपुढे मांडायचं म्हणजे आईच्या कानावर जाणार. मामाने आम्हा भावंडांचं शिक्षण केलं होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण ज्यांनी वाहवा केली त्यांच्यापुढे आपण चुकलो म्हणायला मला लाज वाटत होती, हे कारण त्याहून मोठं होतं.

आणि एक गोष्ट मी चाचांनाही सांगितली नव्हती. त्या अंकाची एक प्रत मी शुक्रवार उजाडायच्या आधीच मामाला पोस्टाने धाडली होती. त्याने दिलेल्या मजकुराचं मी काय केलं, ते त्याने बघावं म्हणून.

मामाने ते बघितलं. तालुक्याला जाऊन त्याच्या प्रती काढल्या. एक एसटीच्या थांब्यावर लागली, एक सोसायटीच्या दारावर, आणि एक त्याने ग्रामसभेत वाचून दाखवली. “बहरीनपर्यंत छापून आलंय. तिथे त्यांचा नवरा आहे, आणि तिथल्याच लोकांनी लिहिलंय,” असं तो म्हणाला म्हणे. महिन्याभरात बाईंवर अविश्वासाचा ठराव आला. जे दोन सदस्य त्यांच्या बाजूचे होते ते फिरले, आणि ठराव मंजूर झाला.

मामाने हे कळवलं ते मोठ्या खुशीत. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, “तुझ्या लेखणीला यश आलं.”

ते पत्र मी ऑफिसच्या संडासात जाऊन फाडलं. त्या आठवड्याच्या अंकात चार ओळींचा खुलासा दिला. तोपर्यंत तो खुलासा वाचून कुणाचं काही होणार नव्हतं. चाचांनी वाचला, अंकाची घडी घातली आणि म्हणाले, “आता कुणासाठी?”

मेस्त्री कामावर येत होते. समोर आले तर मान हलवायचे. पण शुक्रवारी खोलीवर यायचे बंद झाले, आणि बेसबॉलही बंद झाला. लोक विचारू लागले, खेळाचा कोपरा रिकामा का? मेस्त्री सांगत नाहीत, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. तेव्हा मी एक सामना मनाने रचला. धावा, नावं, शेवटी कोण जिंकलं, सगळं. लोकांना आवडला. पुढच्या आठवड्यात दुसरा रचला.

शनिवारी मेस्त्री माझ्या टेबलाशी आले. हातात अंक होता. अंगावर भुसा.

“हा सामना झालाच नाही भाचे,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही लिहिलाय त्या शुक्रवारी धूळ इतकी उडत होती की सगळे गाडीत बसून राहिले नि घरी गेले.”

मी टायपिंग थांबवलं.

“मेस्त्री, माझं चुकलं,” एवढंच म्हणता आलं. ते मी सामन्याबद्दल म्हणतोय की बाईंबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

“तिला लिहायचं नव्हतं मला, पण लिहिलं,” ते म्हणाले. “कुणी लिहिलं ते. तिला वाटत होतं मीच कुठे काय बोललो असेन.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बहरीनमधून बातमी आली, म्हणजे नवऱ्यानेच तोंड उघडलं असेल, असं त्या बाईला दोन महिने वाटत होतं. दीड हजार मैलांवर बसलेल्या नवरा-बायकोच्या मधे मी ते घालून ठेवलं होतं.

त्या आठवड्यानंतर मी अंक काढला नाही.

पुढच्या मे महिन्यात मला लीव्ह मिळाली. आजोळी गेलो ते मामाकडे उतरलो. जेवताना त्याला म्हणालो, “मामा, पाइपाला वाट दे ना बागेतून.”

तो हसला. “तुला काय करायचंय? तू तुझी नोकरी सांभाळ.” आणि माझ्या ताटात आमरस वाढला. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात पावसाळ्यासाठी गोवऱ्या रचत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात धुतले, मला ओटीवर बसवलं आणि कोकमचं सरबत आणून दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “ते असूं द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. एक अर्ज लिहायचाय.”

वरच्या वाडीच्या बायकांनी पंचायत समितीला करायचा अर्ज होता. पाइपाला बागेतून वाट मिळावी, नाहीतर बागेला वळसा घालून काम पुरं करावं. सरपंचपद जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी बाई त्याच्या मागे होत्या. त्यांनी सांगितलं तसं मी लिहीत गेलो. लिहिता लिहिता सवयीने माझं एक वाक्य घातलं: सदर बागमालक हेतुपुरस्सर अडवणूक करत आहेत.

बाईंनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. ‘हेतुपुरस्सर’पाशी थांबल्या.

“हे काढा.”

“पण ते खरंच आहे. मामा मुद्दामच—”

“असेल. त्यांच्या मनात काय आहे ते मी नाही बघितलं. बाग आडवी आहे, एवढंच लिहा.”

मी ते वाक्य खोडलं. खाडाखोड झालेला कागद नको म्हणून बाईंनी दुसरा कागद काढून दिला, आणि मी सगळा अर्ज पहिल्यापासून पुन्हा लिहिला. वरच्या वाडीच्या अकरा बायका दुपारपर्यंत एकेक करत आल्या. कुणी सही केली, कुणी अंगठा उठवला. मी लिहिलं ते प्रत्येकीला बाईंनी वाचून दाखवलं.

बागेला वळसा घालून तो पाइप वरच्या वाडीला पोचला त्याला आणखी तीन वर्षं लागली. मेस्त्री तोवर काम सोडून गावी परतले होते. मामाशी माझं बोलणं चालू राहिलं, आईसाठी. बाईंची माफी मात्र त्या दिवशी राहिली ती राहिलीच. त्या मला बोलू देत नव्हत्या असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण मी ओटीवर दुपारपर्यंत बसलो होतो, आणि त्यांनी मला अडवलं होतं ते एकदाच.