प्रेमलाताईंची पोच

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो; नंतर कुणी नवल करायला नको. नवी पेठेजवळ आमचं ज्युनियर कॉलेज. तिथल्या ऑफिसात मी बावीस वर्षं क्लार्क. शेजारच्या टेबलावर प्रेमलाताई, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

या बाईंना एक खोड. मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरताना प्रत्येक पानाला प्रिंट स्क्रीनचं बटण दाबायचं आणि ते चित्र वर्डच्या फाइलीत चिकटवायचं. एका पोराच्या फॉर्मची अकरा-बारा चित्रं! त्या बटणावरची अक्षरं पार पुसून गेली होती. मी म्हणायचो, "ताई, लग्नाचा अल्बम करताय काय? शेवटच्या पानाचा एक स्क्रीनशॉट काढला की झालं की!" मी तेवढाच काढायचो, तोही चारी बाजूंनी कापून, सुबक. त्यांचा मात्र अख्खा पडदा, खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळासकट.

"घड्याळ कापलंत तर उरलं काय हो?" त्या म्हणायच्या. "पोच आहे ती. पोचेवर तारीख-वेळ नको?"

पोच हा त्यांचा जुना विषय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी एका सरकारी ऑफिसात हातानं नेऊन दिला. साहेब जेवायला गेलेले, शिक्का कपाटात. ताई शिक्क्याशिवायच परतल्या. पुढे तिथले लोक म्हणाले, असला कागद आमच्याकडे आलाच नाही. मुलीचं शिक्षण सुटलं आणि घरच्यांनी तिचं लग्न लावून टाकलं. हे सांगताना ताईंच्या हातातली भाकरी आजही हातातच राहते.

गेल्या जुलैत नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म चालू होते. शेवटचा दिवस, पाचची मुदत. माझा कॉम्प्युटर नेमका बंद पडला, म्हणून संस्कृतीला शेजारी बसवून तिचा फॉर्म मी ताईंच्या मशीनवर भरला. संस्कृती आमच्याच कॉलेजची. तिचे वडील कोंडीबा टॉवेलच्या कारखान्यात वॉचमन. फॉर्म कन्फर्म झाला. मी माझा सुबक स्क्रीनशॉट घेतला, ताईंनी मध्येच हात घालून आपलं बटण दाबलं, आणि मी करवादलो.

आठवड्यानं यादी लागली. संस्कृतीचं नाव नाही. साइटवर तिच्यापुढे शेरा : 'अर्ज अपूर्ण'.

बाप-लेक ऑफिसात आले आणि माझं डोकं सटकलं. "मी स्वतः कन्फर्म केला होता! तूच घरी मोबाइलवर उघडून बसली असशील. हात शिवशिवतात ना तुमचे!"

"न्हाय सर, मी हातबी लावला न्हाय."

"मग काय भुतानं उघडला?"

कोंडीबा पोरीकडे बघून एवढंच म्हणाले, "उघडला असशील तर सांग की गं." ती रडली नाही. खाली मान घालून बापाच्या मागं निघून गेली.

उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा आला तर विचार करू, असं प्रवेशाच्या हेल्पलाइनवाल्यानं फोनवर सांगितलं. मी माझा स्क्रीनशॉट उघडला. 'अर्ज कन्फर्म झाला आहे.' कुणाचा? कधी? नाव, नंबर, वेळ, सगळं मीच कापलेलं.

"इकडे या," ताई म्हणाल्या. त्यांनी संस्कृतीची फाइल उघडली. वेळ चार एक्केचाळीस. नाव, नंबर, कन्फर्म, सगळं जागच्या जागी. मी टेबलावर थाप मारली. "बघा! म्हटलं नव्हतं?"

"अजून एक आहे." खालचं चित्र चार त्रेपन्नचं. तोच अर्ज, पत्त्याचं पान, वर लाल पट्टी : 'अर्ज दुरुस्तीसाठी खुला. पुन्हा कन्फर्म करा.'

मग आठवलं. पिनकोडचा एक आकडा चुकला होता. पोरगी गेल्यावर मीच त्याच मशीनवर अर्ज परत उघडला, आकडा बदलला, सेव्ह केलं आणि चहाला गेलो. पुन्हा कन्फर्म केलंच नाही.

"मी तरी कुठं वाचलं?" ताई म्हणाल्या. "तुम्ही चहाला गेलात, मी सवयीनं बटण दाबलं झालं. माझंही चुकलंच."

मी आवाज खाली आणला. "ताई, वरचं चित्र तेवढं पाठवू या. पोरीचं काम होईल."

"आणि नंतर कुणी उघडला विचारलं तर? पोरीवरच येईल ना. तुम्ही तर तसं बोलूनही बसलात."

बावीस वर्षांत एक मेमो नाही माझ्या नावावर. शेवटी कीबोर्ड पुढे ओढला आणि टाइप केलं : 'अर्ज मी उघडला. विद्यार्थिनीचा काही दोष नाही.' दोन्ही चित्रं जोडली. प्राचार्यांनी पत्रावर सही करतानाच मला मेमो निघेल, हेही सांगून टाकलं. मेल गेला. गेल्याचं पान दिसताच ताईंनी बटण दाबलं. या वेळी त्यांना हात घालता यावा म्हणून मीच बाजूला सरकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं : अर्ज ग्राह्य, पुढच्या फेरीत नाव घेतलं जाईल. मी फोन करून दोघांना बोलावलं आणि उभं राहून म्हणालो, "कोंडीबा, चूक माझी होती."

"मला नगा सांगू सायेब, तिला सांगा. कालपासनं पोरीनं धड घास घेतला न्हाय. आन् मीबी तिलाच इचारलं."

मी संस्कृतीची माफी मागितली. लाज वाटत होती, पण मागितली. तिनं मान हलवली. माझ्यासमोरून ती ताईंच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, ते बटण मला दाखवा की. पुढं कुणी म्हणलं तूच उघडलास, तर माज्याजवळ असाया पायजे."

ताईंनी उठून तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि तिचं बोट त्या पुसट बटणावर ठेवलं. चित्र पडद्यावर आलं. तिनं कडा कापायला माउस धरला, तसा मी पुढे झालो.

"घड्याळ कापू नकोस," मी म्हणालो.