वाचता येईल अशी भाषा

महूजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात मी सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागले, तेव्हा आमच्या विभागात दोनच माणसं होती, मी आणि माझे सर. सर रोज महूहून बसने यायचे. त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. सकाळी कोणी आपल्या नावाने संगणक उघडला, की त्याचं फोल्डर आणि जवळचा प्रिंटर आपोआप जोडून देणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. ती सरांनी फार पूर्वी व्हीबीस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेली.

मग कळलं, की नव्या विंडोजमधून ही भाषा हळूहळू काढून टाकणार आहेत. स्क्रिप्ट नव्याने लिहिणं आलं. कोणत्या भाषेत, यावरून आमचं जवळजवळ भांडणच झालं. मला पायथन हवं होतं. कारणं मी पुष्कळ सांगितली, पण खरं कारण एवढंच की मला ते जास्त सवयीचं होतं. सर म्हणत होते, पॉवरशेल.

"सर, पण तुम्हाला पॉवरशेल येतच नाही."

"शिकून घेऊ. पायथन हर मशीनवर आधी टाकावं लागेल ना, बेटा. हे तर विंडोजमध्ये आधीपासून बसलेलंच आहे."

मी ऐकेना. तेव्हा त्यांनी मला एकच काम दोन्ही भाषांत लिहून आणायला सांगितलं, त्याच्या प्रिंट काढल्या आणि मला घेऊन थेट लायब्ररीत गेले. तिथल्या मॅडमना प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता.

"मॅडमजी, यातून काय समजतं, जरा बघता का?"

मॅडमनी चष्मा लावला. माझं पायथन त्यांनी खालीवर पाहिलं. "यात कंसच कंस आहेत हो." मग दुसरा कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवत वाचू लागल्या. "हे जुनं काढ म्हणतंय. हे नवीन लाव म्हणतंय. आणि हे लायब्ररी लिहिलंय, म्हणजे आम्हीच का?"

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आपण दोघं सुट्टीवर असलो, तर फोनवर ओळी वाचून सांगायला यांचीच मदत घ्यावी लागेल."

मी हरले, आणि दोन दिवस फुगून बसले. सरांनी मात्र एक रेघांची वही आणली. बसमध्ये ते तिच्यात कमांड लिहून काढत आणि सकाळी आल्या आल्या माझ्यासमोर उघडत. चुका मी लाल पेनाने दुरुस्त करायचे. एकदा एकही चूक निघाली नाही, तेव्हा त्यांनी ते पान हेड क्लार्कनासुद्धा नेऊन दाखवलं. माझा राग कधी गेला, मला समजलंच नाही.

स्क्रिप्ट मी लिहिली, सरांनी तपासली. सोमवारी चालू केली आणि अर्ध्या तासात प्राचार्यांचा फोन आला. सगळ्या प्राध्यापकांच्या संगणकावर स्वतःच्या फोल्डरऐवजी लायब्ररीचं फोल्डर उघडत होतं. मी लायब्ररीची ओळ कॉपी करून प्राध्यापकांसाठी लावली होती आणि फोल्डरचं नाव बदलायला विसरले होते.

सरांनी रिसीव्हर घेतला. "हो, माझ्याकडून गडबड झाली. दहा मिनिटं द्या."

ओळ शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सगळं सुरळीत झाल्यावर मी विचारलं, "चूक माझी होती. तुम्ही स्वतःवर का घेतली?"

"तू लिहिलंस, पण वाचलं तर मीच ना? वाचूनही मला दिसलं नाही." मग हसून म्हणाले, "आणि मला ओरडून ते काय करणार? मी तर आता चाललोच."

त्यानंतर कुठलीही स्क्रिप्ट सरांना वाचून दाखवल्याशिवाय मी चालू केली नाही. ते निवृत्त झाल्यावरही बरेच महिने मी फोनवर वाचायचे. पलीकडे महूत त्यांचा चहा चाललेला असायचा. मध्येच कप ठेवल्याचा आवाज यायचा आणि सर म्हणायचे, "थांब जरा. ती ओळ परत वाच."