चालकाच्या रकान्यात

नोव्हेंबर अर्धा सरला की आमच्या नोव्हायच्या घरातल्या गॅरेजला एक ठरावीक वास येऊ लागतो. ओल्या रबराचा, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या आणि टायरांना चिकटून आलेल्या मिठाचा आणि काच धुण्याच्या त्या निळ्या, काहीशा गोडसर द्रवाचा मिळून झालेला तो वास. मिशिगनमध्ये चार दशकं काढल्यावर हिवाळा आधी माझ्या नाकाला कळतो आणि मग डोळ्यांना. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास, मागच्या अंगणातल्या पहिल्या पातळ बर्फावरून परतलेला फिकट निळसर प्रकाश स्वयंपाकघराच्या छतावर पसरला होता. मी आल्याचा चहा गाळत होते आणि शरद, माझा नवरा, टेबलाशी लॅपटॉपवर इतका वाकून बसला होता की त्याचं नाक पडद्याला टेकतंय की काय असं वाटावं. दरवर्षीप्रमाणे तो कोलोरॅडोच्या स्कीच्या सहलीची जुळवाजुळव करत होता, आणि मी चहाच्या वाफेआडून त्याच्याकडे बघत, गेले सात महिने न उच्चारलेलं एक वाक्य त्याही दिवशी गिळून टाकत होते.

ते वाक्य एवढंच होतं, की या वर्षी बर्फात गाडी तू चालवायची नाहीस.

शरदच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचं त्याला अजून नीट दिसतं, पण दृष्टीच्या कडा हळूहळू विझत चालल्या आहेत. वसंतात, झाडांना नुकते कोंब फुटत असताना, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की सूर्यास्तानंतर आणि बर्फात यांनी गाडी चालवू नये. पांढऱ्यावर पांढरं त्यांना वेगळं दिसणार नाही, आणि बाजूने येणारी गाडी तर दिसणारच नाही. "शुअर, शुअर," असं दोनदा म्हणून शरद उठला, बाहेर आल्यावर त्याने खिशातून किल्ली काढली आणि नेहमीसारखा गाडी चालवत मला घरी घेऊन आला. "लायसन्स अजून दोन वर्षं व्हॅलिड आहे," एवढंच तो वाटेत एका सिग्नलपाशी म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकचा अभ्यास केला, त्याला हे सांगायचं कसं, हा माझा प्रश्न होता. इथे नोकरीला आलेली किती तरी मराठी मुलं-मुली, ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकायला आलेले विद्यार्थी, पहिला बर्फ पडला की शरदकाकांकडे येत. काका त्यांना मॉलच्या मागच्या ओसाड पार्किंगमध्ये नेत आणि मुद्दाम गाडी घसरवायला लावत. घाबरू नकोस, ब्रेकवर उभा राहू नकोस, गाडीचं शेपूट जिकडे जातंय तिकडेच चाक वळव. हे तो इतक्या शांतपणे सांगे की भेदरलेल्या पोरांच्या खांद्यातला ताण दिसत दिसत उतरे. त्यातली कित्येक आता स्वतः आईबाप झाली आहेत, पण पहिल्या हिमवर्षावाला त्यांचे फोन येतातच. त्याने मागितलेली एकमेव गुरुदक्षिणा म्हणजे टायर वेळेवर बदला, ही.

मलाही बर्फ नवा नाही. सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम केलं, आणि पहाटे पाचला, बर्फ हटवणारा नांगरही न फिरलेल्या रस्त्यांवरून, एकटीने गाडी नेली. पण आमच्या संसारात एक अलिखित नियम होता. एकटी असले की मी चालवायची, दोघं असलो की तो. कुठेही निघताना माझी पावलं आपोआप गाडीच्या उजव्या दाराकडे, इथल्या गाड्यांत चालकाच्या शेजारच्या जागेकडे, वळत. हा नियम कोणी केला, कधी केला, मला आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तो कधी जाचलाही नाही. शेजारी बसून खिडकीतून बघत राहण्यात एक सुख होतं, ते मी मनसोक्त उपभोगलं.

डिसेंबरच्या अखेरीला मुग्धा, आमची मुलगी, टेक्सासातल्या फ्रिस्कोहून नवरा आणि दोन लेकी घेऊन येते आणि आम्ही सगळे डोंगरात एकत्र भेटतो. आम्ही दोघं आता स्की करत नाही, पण नातींना उतारावरून येताना बघायला जातो. या सहलीचं सगळं नियोजन शरदचं, आणि त्याची पद्धत आमच्या ओळखीत चेष्टेचा विषय झालेली. उताराच्या पायथ्याशी असलेल्या महागड्या हॉटेलांकडे तो ढुंकूनही बघत नाही. तीस-चाळीस मैल दूर, एखाद्या आडगावात, स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं लाकडी घर तो शोधून काढतो. मग विमानातून आमच्याबरोबर छोटा कुकर, मुगाची डाळ आणि मेतकूट जातं. भाड्याच्या गाडीची चौकशी तर त्याहून बारीक. चारी चाकांना जोर मिळणारी गाडी आहे का, टायर बर्फाचे आहेत का, त्यांच्या खाचांची खोली किती, असं तो फोनवर विचारतो आणि पलीकडचा माणूस बिचारा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात फोन देतो.

या वर्षी मी त्याच्या आधी डाव टाकला. उताराला लागूनच असलेल्या एका हॉटेलात खोल्या घेतल्या, विमानतळावरून तिथवर नेणाऱ्या बसच्या जागाही घेतल्या. गाडीच नसली की ती चालवायची कोणी हा प्रश्नच उरत नाही, आणि मग ते वाक्यही बोलावं लागत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी दोन तास तरी खूश होते. मग लक्षात आलं, की आमच्या घरात ईमेल एकच आहे. मुग्धा कॉलेजला गेली तेव्हा तिला पत्रं लिहिण्यासाठी शरद आणि सुधा ही दोन्ही नावं जोडून आम्ही तो उघडला, आणि दुसऱ्याची गरज कधी पडलीच नाही. आरक्षणाची पोच दोघांच्याही डोळ्यांसमोर, ठळक अक्षरांत, येऊन बसली होती.

त्या रात्री जेवताना शरद म्हणाला, "खिचडीत आज हिंग मस्त लागलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघते तर हॉटेलचं आरक्षण रद्द झाल्याची पोच आली होती.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात एक विलक्षण भांडण चाललं, ज्यात एकही शब्द उच्चारला गेला नाही. त्याने घर घेतलं आणि गाडी घेतली. मी घर रद्द केलं. त्याने त्याच गावातलं दुसरं घर घेतलं. मी पायथ्याच्या दुसऱ्या हॉटेलात खोल्या धरल्या. एकमेकांच्या मेल आम्ही वाचत होतो, दुसऱ्याने वाचल्या आहेत हेही जाणत होतो, आणि संध्याकाळी एकाच सोफ्यावर बसून, गुडघ्यांवर एकच गोधडी घेऊन, बातम्या बघत होतो. बाहेर मेपलची शेवटची पानं गळून गेली होती. दिवस इतके आखडले होते की चहाचे कप विसळेपर्यंत अंधारून येई. इतक्या वर्षांच्या सहवासात आमच्यात एकमेकांशी न बोलण्यासारखं काही उरलं नाही असं मी समजत होते. ते किती पोकळ होतं, हे त्या तीन आठवड्यांनी मला दाखवलं.

शेवटी मुग्धाचा फोन आला. सगळ्या पोचा तिच्याकडेही जात होत्या.

"आई, व्हॉट इज गोइंग ऑन? मला चार वेगळे ॲड्रेस आलेत, त्यातले दोन कॅन्सल्ड. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की नाही?"

"बोलतो की," मी म्हटलं. "भाजी काय करायची, गोळ्या घेतल्या का, सगळं बोलतो."

"मग बाबांना सरळ सांग ना, की ड्राइव्ह करू नका."

"तू सांग."

मग म्हणाली, "आय कान्ट, आई. ही टॉट मी हाउ टू ड्राइव्ह."

फोन ठेवल्यावर मी ठरवलं, की हे आता मीच संपवायचं. निदान हॉटेलच्या अटी वाचून सगळं पक्कं तरी करायचं. जुनी पोच शोधताना मी पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला, आणि तिथे शरदने गाडी भाड्याने देणाऱ्या कचेरीला लिहिलेलं एक पत्र सापडलं. त्याच्या त्या नेटक्या, अभियंत्याच्या इंग्रजीत त्याने लिहिलं होतं, की माझ्या नावावर गाडीचं आरक्षण आहे, परंतु माझी दृष्टी आता भरवशाची राहिलेली नाही. तरी काउंटरवर आल्यावर मुख्य चालक म्हणून माझ्या पत्नीचं नाव घालता येईल का? तिला बर्फात गाडी चालवण्याचा माझ्याइतकाच अनुभव आहे. आणि खाली आणखी एक ओळ होती: हा बदल आगाऊ करू नये, त्याच दिवशी करावा, अशी विनंती आहे.

पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. म्हणजे माझं पहिलं हॉटेल त्याने रद्द केलं, त्याच सकाळचं.

मी तशीच खुर्चीत बसून रडले. ज्या माणसाने शस्त्रं कधीच खाली ठेवली होती, त्याच्याशी मी लढत बसले होते. त्याला बस नको होती, पायथ्याचं हॉटेल नको होतं. त्याला एवढंच हवं होतं की गाडी असावी, आणि त्या दिवसापर्यंत चालकाच्या रकान्यात आपलं नाव असावं. ते पत्र त्याने माझ्यासाठी तिथे राहू दिलं होतं, की पुसायचं विसरला होता, हे मला आजही माहीत नाही. मी हॉटेल सोडून दिलं. कोणाला काही बोलले नाही. पण एक धाकधूक राहिलीच. माणूस पत्रात लिहितो ते वेगळं, आणि आयत्या वेळी हातातून किल्ली सोडणं वेगळं.

डेन्व्हरला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आकाश शिशाच्या रंगाचं, हवेत बर्फापूर्वीचा तो कोरडा, धातूसारखा वास. काउंटरवरच्या मुलीने हसत विचारलं, गाडी कोण चालवणार? शरदने आपलं लायसन्स आधीच काढून ठेवलं होतं, आणि त्यावर त्याचं बोट होतं. ते बोट तिथून हलेना. मी मागे उभी राहून माझ्या पर्सची चेन उगाच उघडत-लावत होते. मग तो म्हणाला, "माय वाइफ." आणि माझ्याकडे न वळता, मराठीत, "सुधा, तुझं लायसन्स दे."

स्वतःचं लायसन्स पाकिटात परत ठेवायला त्याला फार वेळ लागला. पाकिटाची खाच त्याला सापडत नव्हती. मी मदतीला हात पुढे केला नाही.

बाहेर चिखल-बर्फात उकिडवं बसून त्याने चारी टायरांच्या खाचांमधून अंगठा फिरवला. "ठीक आहेत," म्हणाला, आणि किल्ली माझ्या हातात देऊन, गाडीला वळसा घालून, उजव्या दाराने आत जाऊन बसला.

डोंगर सुरू होईपर्यंत तो बोलत होता. अंतर ठेव, आत्ता लेन बदलू नकोस, पुढचा ट्रक ब्रेक मारणार बघ. मला त्याचा रागही येत होता आणि आधारही वाटत होता. मोठा बोगदा ओलांडला आणि पलीकडे बर्फ सुरू झाला, बारीक, तिरका, काचेवर क्षणभर टिकून विरघळणारा. पाइनची रानं राखाडी होत गेली, रस्ता आणि कडा यांच्यातली रेघ पुसट झाली, आणि पहिल्यांदाच मला कळलं की त्याला गेले कित्येक महिने जग कसं दिसत असेल. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की शेजारून आवाज येत नाही. रागावला असेल असं वाटलं. एका सरळ पट्ट्यावर मी वळून पाहिलं, तर तो झोपला होता. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत शरद कधी झोपलेला नव्हता. भारतात टॅक्सीत बसला तरी त्याची नजर ड्रायव्हरच्या पायाकडे असे. म्हणून आधी मला अभिमान वाटला. त्याच्याकडून इतकी मोठी शाबासकी मला संसारात मिळाली नव्हती. पण तो अभिमान मैलभरही टिकला नाही. मला वाटू लागलं की त्याने उठावं, मी फार वेगात चाललेय म्हणून ओरडावं, माझी एखादी चूक काढावी. मला त्याच्याकडून फक्त किल्ली हवी होती. एवढं सगळं नको होतं.

आमच्या गावाची पाटी आली. मुग्धा तिथे पोचली होती, नाती खिडकीशी बसल्या असतील, कुकर माझ्या बॅगेत होता. वळायला हवं होतं. पण थांबले असते तर तो जागा झाला असता, बाहेर उतरला असता, आणि मग आम्हाला एकमेकांकडे बघावं लागलं असतं. मी वेग थोडा कमी केला आणि ते वळण जाऊ दिलं. पुढच्या एक्झिटवरून परत फिरता येईल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्याची झोप मोडणार नाही इतक्या जपून, बर्फातून पुढे जात राहिले.