आत्याची पर्स

आमची आत्या घराच्या पुढच्या खोलीत बालवर्ग चालवते. अठरा मुलं, नऊ बाकं आणि एक शिट्टी. मधलं दार इतकं पातळ आहे की तिचा अख्खा अभ्यासक्रम मला आवाजासकट पाठ झालाय.

त्यात गाणी, रंग, आकडे आहेतच, पण आत्याचा खरा जीव माफी मागण्यात. नुसतं ‘सॉरी’ तिच्याकडे चालत नाही. ते शिंकल्यावर म्हणायचं, असं तिचं मत. आपण काय केलं, त्याने समोरच्याचं काय झालं आणि आता काय करणार, हे सगळं बोलायचं. ‘चुकून’, ‘पण’ आणि ‘त्यानेच आधी’ यांवर बंदी. समोरच्याने लगेच माफ करायलाच हवं असंही नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणायची मुभा आहे. एका मुलाने खोडरबराच्या प्रकरणात अकरा दिवस विचार केला. दुसऱ्याने आधी रीतसर माफी मागून घेतली आणि मग ढकललं. आत्याला त्यात नियमभंग सापडेना.

वर्गात पाच वर्षांची एक शेपटी आहे. आत्या जाईल तिथे मागे, म्हणून शेपटी. मंगळवारी शिट्टी हरवली, तेव्हाही आत्याच्या सगळ्यात जवळ तीच होती. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, “तूच घेतलीस. काढ.” शेपटीने रडत दोन्ही खिसे उलटे केले. एक बटण पडलं.

संध्याकाळी शिट्टी आत्याच्याच पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली निघाली. आत्या जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली.

बुधवारी शेपटीला तिच्या आईने ओढतच आणलं. उद्यापासून येणारच नाही म्हणतेय, असं सांगून गेली. शेपटी चपलांच्या रांगेत जाऊन बसली.

आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे वाजले ते दाराआड ऐकू आले.

“अगं, काल मी घाईत होते, पण...”

“‘पण’ नाही चालत,” सतरा आवाज.

“तुला वाईट वाटलं असेल तर...”

“असेल काय? रडली ती,” खोडरबरवाला म्हणाला.

आत्याने चष्मा पुसला. “मी तुला सगळ्यांसमोर चोर ठरवलं. शिट्टी माझ्याच पर्समध्ये होती. तुला उगाच खिसे उलटे करायला लावले, रडवलं.”

“आता काय करणार?” शेपटीने विचारलं.

बावीस वर्षं हा प्रश्न तीच विचारत आली होती. शेवटी तिने खुंटीवरची पर्स काढून शेपटीच्या मांडीवर ठेवली. “यापुढे काही हरवलं तर आधी ही उलटी करायची. तूच करायचीस.”

“विचार करून सांगते.”

त्या दिवशी आत्या एकटीच फिरली. फळ्यापाशी दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं.

गुरुवारी शेपटी आपल्या पायांनी आली. काही हरवलं नव्हतं, तरी तिने पर्स जमिनीवर ओतली. किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या, दोन कंगवे. सगळं निरखून परत भरलं आणि आत्याच्या मागे चालू लागली.

आता रोज सुट्टी झाली की ती आधी पर्स तपासते, मगच चपला घालते. तोवर आत्या हाताची घडी घालून उभी असते.